दोन पानी मसुद्यावर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ३८ वर्षांची, लग्नाला १३ वर्षं झाली, मुलगी ९ वर्षांची. धायरीत राहतो. फ्लॅट २०१६ मध्ये दोघांच्या नावावर घेतला. तेव्हा माझ्या वडिलांनी ६ लाख चेकने दिले होते आणि २०१९ पर्यंत मी नोकरीत असताना हप्त्याचा काही भाग माझ्या खात्यातून जायचा. कर्ज १९ लाख बाकी आहे. शेजारचा तसाच फ्लॅट नुकताच ७५ लाखांना गेला. आता मी घरून तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते, महिन्याला २२ हजारांच्या आसपास मिळतात. नवरा हिंजवडीत आयटीत आहे. पगार दीड लाखाच्या वर असावा, पण स्लिप मी कधी पाहिली नाही. माझं १४ तोळे सोनं दोघांच्या नावावरच्या लॉकरमध्ये आहे, किल्ली त्याच्याकडे.

गेली तीन वर्षं एका घरात राहून आम्ही परके आहोत. मारहाण नाही, पण अंगावर धावून येणं, वस्तू फेकणं, ‘रस्त्यावर आणीन’ म्हणणं चालू असतं. मागच्या आठवड्यात त्याने ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा दोन पानी मसुदा पुढे ठेवला. मी फ्लॅटवरचा हक्क सोडायचा, एकरकमी ८ लाख घ्यायचे, मुलगी माझ्याकडे, पण तिच्यासाठी पुढे काही मागायचं नाही. महिनाअखेरीस नोटरीकडे सही कर, कोर्टाचं काम नंतर नावापुरतं आहे, असं तो म्हणतो. मलाही वेगळं व्हायचंच आहे. सही करून मोकळी होऊ का? की आधी माहेरी जाऊ? कागद कोणते लागतात?

एक वाचक, धायरी

उत्तर

ताई,

सही करू नका. वेगळं व्हायचा निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही तो पुरता विचार करून घेतलेला दिसतो, त्यावर आम्ही काही बोलणार नाही. पण तुम्हाला आधी सही आणि मग बाकीचं, असं करायला सांगितलं जातंय. ते उलटं आहे. आधी कागद गोळा करायचे, मग हिशेब मांडायचा, त्यावरून अटी ठरवायच्या आणि सही सगळ्यांत शेवटी.

नोटरीसमोरच्या करारानं हिंदू विवाह मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी सिद्ध करता आली तर तेवढा अपवाद, नाहीतर घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानंच होतो. तुम्ही शेवटचे एकत्र राहिलात ते पुण्यात, म्हणून तुमच्यासाठी ते न्यायालय म्हणजे शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय. तेव्हा या कागदानं तुम्ही मोकळ्या होणार नाही, पण तुमची सही त्यावर राहील आणि ‘हिनं स्वखुशीनं सगळं सोडलं’ असं म्हणायला उद्या तोच कागद न्यायालयात दाखवला जाईल. त्यातलं बरंच टिकणार नाही, पण ते खोडून काढण्यात तुमचा वेळ आणि पैसा जाईल.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फ्लॅटवरचा हक्क नुसत्या नोटरीनं जात नाही. त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झालेला दस्त लागतो. नोटरीकडे जायचं म्हणून तुम्हाला जिथे नेलं, तिथे यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितलं आणि कॅमेऱ्यासमोर फोटो घेऊ लागले, तर ती नोटरी नाही, दस्तनोंदणी चालू आहे. तिथून सरळ उठा.

सध्या नवऱ्याला एवढाच मेसेज पाठवा: ‘मसुदा मिळाला. वेगळं व्हायला माझी हरकत नाही. अटी वकिलांना दाखवून लेखी कळवते.’ भांडण नको, खुलासे नकोत. तुम्ही सहमतीला तयार होता याचा तारखेसह पुरावा यातून राहतो आणि महिनाअखेरीची मुदतही आपोआप गळून पडते. मसुद्याच्या दोन्ही पानांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, ते पुढे उपयोगी पडतील.

आठ लाखांचा हिशेब

७५ लाखांतून कर्जाचे १९ लाख वजा केले की ५६ लाख उरतात. दस्तात हिस्से वेगळे लिहिलेले नसतील तर बोलणी निम्म्या-निम्म्यापासून सुरू होतात, म्हणजे २८ लाखांपासून. तो म्हणेल की हप्ते मी भरले. तुम्ही वडिलांचे ६ लाख, २०१९ पर्यंतचे तुमचे हप्ते आणि १३ वर्षं सांभाळलेलं घर पुढे ठेवाल. आकडा वरखाली होईल, पण ८ लाख हा त्या हिशेबाच्या जवळपासचाही आकडा नाही.

त्यात मुलीचा खर्च धरलेलाच नाही. शाळा, बस, क्लास, कपडे, औषधपाणी असे महिन्याला १५ हजार धरले, तरी ती १८ वर्षांची होईपर्यंतच्या ९ वर्षांत १६ लाख २० हजार होतात. फी दरवर्षी वाढते आणि कॉलेजचा खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, ते वेगळंच. ‘मुलीसाठी काही मागायचं नाही’ ही अट तर तुम्ही मान्य करूच शकत नाही, कारण तो हक्क मुलीचा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार अविवाहित मुलीला स्वतःचं पोट भरता येत नाही तोवर तिच्या पालनपोषणाची जबाबदारी वडिलांवरही असते. आईनं लिहून दिल्यानं ती सुटत नाही.

सगळ्यांत धोक्याची गोष्ट मात्र त्या मसुद्यात लिहिलेलीच नाही. कर्जातून तुमचं नाव कमी करण्याबद्दल त्यात एक शब्द नाही. तुम्ही सहकर्जदार आहात. घरावरचं नाव गेलं आणि कर्जावरचं राहिलं, तर उद्या त्याचे हप्ते थकल्यावर बँक तुमच्या दारात येईल, तुमचा सिबिल स्कोअर पडेल, आणि घर तर हातात नसेल. तुमच्या दोघांत काय ठरलं याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. घटस्फोटाचा हुकूमनामाही बँकेवर बंधनकारक होत नाही, कारण बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. म्हणून फ्लॅट त्याला द्यायचा ठरलाच, तर आधी त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज नव्यानं मंजूर झाल्याचं आणि तुम्हाला मोकळं केल्याचं बँकेचं पत्र हवं, आणि हक्कसोड त्यानंतर. हा क्रम अटींमध्ये लिहूनच घ्या.

दुसरा रस्ता फ्लॅट विकण्याचा. कर्ज फेडायचं आणि उरलेली रक्कम वाटून घ्यायची. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला लावता येत नाही. तिसरा रस्ता म्हणजे फ्लॅट तुम्ही ठेवायचा. २२ हजारांवर १९ लाखांचं कर्ज पेलणार नाही, पण पोटगीच्या एकरकमेतून ते फिटत असेल तर त्याचाही विचार करा, मुलीची शाळा बदलावी लागत नाही. यासाठी त्याचा हिस्सा तुमच्या नावावर करायचा झाला तर तो हुकूमनाम्याआधी, कायद्यानं पतिपत्नी असतानाच करणं स्वस्त पडतं. महाराष्ट्रात पतिपत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. घर तारण असल्यामुळे बँकेचं ना-हरकत पत्र मात्र लागेलच.

कागद

घराचे कागद सोपे आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ मध्ये तुमच्या दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू (दस्ताचा नोंदवलेला गोषवारा), फुकट पाहता येते. शेजारचा फ्लॅट ज्या किमतीला नोंदला गेला ती किंमतही तिथेच दिसते, ती छापून घ्या. सोसायटीच्या भागपत्राची प्रत, मालमत्ता कराची पावती, आणि बँकेतून मंजुरीपत्र व पहिल्या दिवसापासूनचा कर्जाचा उतारा घ्या. सहकर्जदार म्हणून हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. वडिलांच्या ६ लाखांसाठी त्यांच्या पासबुकाचं २०१६ चं ते पान आणि तुमच्या तेव्हाच्या खात्याचा उतारा काढा. जुने उतारे शाखेत अर्ज दिल्यावर मिळतात, पण वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या. पैसे थेट बिल्डरला गेले असतील तर त्याची पावती सर्वांत पक्की.

सोन्याची यादी करायला एक संध्याकाळ द्या. वहीत रकाने आखा: दागिना, वजन, कुणी दिला, कधी, आत्ता कुठे आहे, पुरावा काय. म्हणजे असं: ‘पाटल्या, एक जोड, ४ तोळे, आईनं लग्नात घातल्या, लॉकरमध्ये, लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदीच्या फोटोत हातात दिसतात, सराफाची पावती आईकडे.’ ‘सासरकडून तोडे, अडीच तोळे, पहिली मंगळागौर’ हेही लिहा. सासरनं घातलेले दागिनेही तुम्हाला भेट म्हणून दिलेले असतील तर ते तुमचं स्त्रीधनच, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. नुसतं ‘१४ तोळे सोनं’ असं अर्जात लिहिलं की समोरचा ‘सात होतं, तेही तिनंच नेलं’ म्हणून मोकळा होतो आणि मग न्यायालयाला धरायला काही राहत नाही. अल्बमच्या पानांचे फोटो काढा, पावत्या सापडत नसतील तर सराफाकडे जुन्या नोंदी विचारा.

लॉकर दोघांच्या नावावर आहे, म्हणजे बँकेत तुमचीही सही आहे. शाखेत जाऊन दोन गोष्टी लेखी मागा: लॉकर कोणत्या पद्धतीनं चालतो, दोघांपैकी कुणीही की दोघं मिळून, आणि आजवर तो कोणकोणत्या तारखांना उघडला गेला. लॉकर उघडल्याची नोंद बँकेत ठेवलेली असते. वाद चालू असल्यानं दोघांच्या हजेरीशिवाय लॉकर उघडू नये, असंही पत्र द्या आणि पोच घ्या. बँकेनं ऐकलं नाही तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली लॉकर आणि खाती न हाताळण्याचा आदेश मागता येतो. स्त्रीधन परत देण्याचा आदेश कलम १९ मध्ये मिळतो.

नवऱ्याचा पगार तुम्हाला माहीत नाही याचं दडपण घेऊ नका. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र सक्तीचं केलं आहे. तरीही तुमच्या हातात काहीतरी असलं की त्याला आकडे दडवणं अवघड होतं. संयुक्त खात्यात पगार येत असेल तर त्याचा उतारा, घरात असलेला फॉर्म १६, गाडीचे कागद, विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडाची पत्रं, जे घरात सहज समोर असतं त्याचे फोटो काढून ठेवा. त्याच्या फोनचा किंवा ईमेलचा पासवर्ड मात्र फोडू नका, तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

आणि तुमचे २२ हजार शपथपत्रात जसेच्या तसे दाखवा. उत्पन्न लपवलं तर पोटगी वाढते, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. दुकानदारांचे यूपीआयनं आलेले पैसे एका उताऱ्यात दिसतात. ते उघड झालं की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही न्यायाधीशांचा विश्वास उडतो, शिवाय खोट्या शपथपत्राची कारवाई मागे लागते. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळते, तिचं उत्पन्न संसारात होतं त्या राहणीमानाला पुरत नाही एवढं दिसलं पाहिजे. त्यासाठी गेल्या सहा महिन्यांचा घरखर्च लिहून काढा: वाणसामान, दूध, वीज, मुलीची फी, औषधं. पगाराच्या २५ टक्के असा आकडा तुमच्या कानावर येईल. तो सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये एका प्रकरणात योग्य मानला होता, ते सूत्र नव्हे.

लग्नाची नोंदणी झाली असेल तर दाखल्याची प्रत काढा. झाली नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो लागतील. मुलीचा जन्मदाखला, आधार, शाळेच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, तुमची पदवी आणि जुन्या नोकरीचे कागद एका फाइलमध्ये घाला. मूळ कागद माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा, घरात झेरॉक्स.

अंगावर धावून येण्याच्या प्रसंगांची तारीखवार नोंद आजपासून ठेवा: वेळ, काय झालं, कोण होतं. रेकॉर्डिंग असेल तर ज्या फोनवर केलं तो फोन जपा, क्लिप कापू नका, पुढे पाठवत बसू नका. जोडीदारानं गुपचूप केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागतं, आणि तिथे मूळ फोन विचारला जातो.

पैसे आणि फोन

तुमच्या एकटीच्या नावाचं खातं वेगळ्या बँकेत उघडा आणि दुकानदारांचे पैसे तिथे घ्या. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीनं चालत असेल तर ते एका रात्रीत रिकामं होऊ शकतं. पद्धत बदलून ‘दोघांच्या सहीनं’ करायचं पत्र बँकेला द्या. तुम्हीही सगळी रक्कम उचलू नका, ते न्यायालयात वाईट दिसतं. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, कारण अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणत असला तरी प्रत्यक्षात बहुतेकदा उशीर होतो. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून पाहा, तुमच्या नावावर तुम्हाला माहीत नसलेलं कर्ज किंवा जामीन आहे का ते कळेल.

आधार आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा असेल तर सगळ्यांत आधी तो बदला, नाहीतर तुमचे ओटीपी त्याच्या हातात जातात. नवा ईमेल, नवा पासवर्ड, आणि फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद.

माहेरी जायचं का

जिवाला धोका नसेल तर घाईनं जाऊ नका. घर तुमच्याही नावावर आहे, तिथून तुम्हाला कुणी काढू शकत नाही. नाव नसतं तरी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नं राहत्या घरात राहण्याचा हक्क असतोच. निघून गेलात तर हक्क बुडतो असं मुळीच नाही, परित्याग, म्हणजे जोडीदाराला सोडून जाणं, हे घटस्फोटाचं कारण व्हायला दोन वर्षं लागतात. अडचण वेगळी आहे. मागे राहिलेले कागद आणि सामान हाती लागत नाही, मुलीची शाळा मोडते आणि लगेच ‘नांदायला ये’ अशी नोटीस येते. ती आलीच तर गप्प बसू नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत कारणांसह उत्तर द्या. नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि तुम्ही सबळ कारणानं गेला नाहीत, तरी पोटगी बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

पण अंगावर हात पडला किंवा पडेलसं वाटलं, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि मुलीला घेऊन निघा. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. सरकारी रुग्णालयात तपासणी करून एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. पोलिस ठाण्यात दिलेल्या अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या, नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली तरी तिची प्रत घ्या. निघायची पिशवी आधीच भरून ठेवा: कागदांची फाइल, दोघींचे कपडे, औषधं, चार्जर, थोडी रोख, मुलीचं दप्तर. ‘रस्त्यावर आणीन’ ही धमकी, खर्च अडवणं आणि स्त्रीधन दाबून ठेवणं हेही कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या व्याख्येत येतं, मारहाणच व्हायला हवी असं नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत फुकट करता येतो.

फौजदारी तक्रारीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. छळ झाला असेल तर जरूर करा, पण अटी मान्य करून घ्यायला दबाव म्हणून करू नका. सहमतीची दारं त्यानं बंद होतात, आणि खऱ्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांकडे संशयानं पाहिलं जातं ते अशा प्रकरणांमुळेच.

सहमतीनं, पण तुमच्याही अटींवर

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब हाच बरा मार्ग. लग्न नोंदणी पद्धतीनं विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर त्याच धर्तीचं कलम २८. अट एवढीच की वर्षभर वेगळे राहत असायला हवं. वेगळं राहणं म्हणजे पतिपत्नी म्हणून न राहणं. छप्पर एकच असलं तरी चालतं, पण अर्जात तसं नेमक्या शब्दांत लिहावं लागतं. अर्ज दोघांच्या सहीनं होतो, न्यायालयातले समुपदेशक दोघांशी बोलतात आणि त्यानंतर सहा महिन्यांची मुदत असते. ही मुदत माफ होऊ शकते. ‘अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर’ या २०१७ च्या निकालानुसार, अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी-ताब्याचं सगळं मिटलेलं असेल, तर माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्यानं करता येतो. तुमची तीन वर्षं झाली आहेत, म्हणजे अटी नीट ठरल्या तर वेळ फारसा जाणार नाही.

घोळ होतो तो संमतीच्या अटी लिहिताना. ‘मुलीच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील’ असं मोघम लिहिलं की तीन वर्षांनी पोहण्याचा क्लास शिक्षणात येतो का यावर भांडण होतं. त्याऐवजी रक्कम, तारीख, खातं आणि दरवर्षीची वाढ लिहा: अमुक रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला, अमुक खात्यात, दर जूनला १० टक्के वाढ, शाळेची फी वेगळी आणि थेट शाळेला. दहावीनंतरच्या प्रवेशाची फी कोण आणि किती भरणार, मोठं आजारपण आलं तर काय, तेही लिहा. भेटीचे वार, वेळ, आणायचं-सोडायचं ठिकाण, गणपती-दिवाळी आळीपाळीनं की वाटून, मे महिन्याची सुट्टी किती दिवस, व्हिडिओ कॉल कधी, मुलीचा पासपोर्ट कुणाकडे. मुलीला वडिलांपासून तोडायचा प्रयत्न तुम्ही करणार नाही हे तुमच्या मसुद्यातून दिसू द्या. ते तिच्यासाठी चांगलं आहेच, न्यायालयालाही ते पाहायचं असतं.

पैसे टप्प्यांत ठरवा: काही भाग पहिल्या अर्जाच्या दिवशी, उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी न्यायालयातच, डिमांड ड्राफ्टनं. तुमच्याकडून हक्कसोड, मागे घ्यायची प्रकरणं वगैरे जे द्यायचं असेल तेही त्याच टप्प्यांत. कारण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. सगळं आधीच देऊन बसलात आणि त्यानं पाय मागे घेतला, तर हातात काही राहणार नाही. एकरकमी पोटगीवर आयकर लागत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालापासून मानलं जातं, महिन्याच्या पोटगीवर मात्र लागतो. रकमेची मांडणी करताना हे लक्षात घ्या.

तो ऐकतच नसेल तर रस्ते बंद नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मिळतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीचा स्वतंत्र अर्ज होतो. हे कलम म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज रेंगाळवण्यात तुमचंच नुकसान.

वकील

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. दावा न लावता आधी मध्यस्थी हवी असेल तर तीही तिथून होते. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे, तेवढा पैसा कुणी मागितला तर पावती विचारा. खासगी वकील केलात तर फी टप्प्यांनुसार लेखी घ्या, वकीलपत्राव्यतिरिक्त कोऱ्या कागदावर सही करू नका, मूळ कागद देऊ नका, आणि नवरा-बायको दोघांचा मिळून एकच वकील नको. अर्ज दाखल झाला की सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख तुम्हालाच दिसते, कुणाला विचारत बसावं लागत नाही.

दोन कामं, जी राहूनच जातात

नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तुम्ही पत्नी म्हणून आहात. हुकूमनामा झाला की ते संरक्षण संपतं. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते दिवस तरी मोजायला लागतील. मुलगी वडिलांच्या पॉलिसीत राहील, हे अटींमध्ये घाला.

आणि मृत्युपत्र करा. हुकूमनामा होईपर्यंत नवरा तुमचा कायदेशीर वारस आहे. दावा चालू असताना तुमचं काही बरंवाईट झालं तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार मुलीबरोबर त्यालाही हिस्सा मिळतो, फ्लॅटमधल्या तुमच्या वाट्याचाही. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि एकमेकांच्या व तुमच्या समोर सह्या करणारे, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार पुरेत. मुलगी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, म्हणून तिच्या वाट्याची व्यवस्था कोण पाहील तेही त्यात लिहा. बँक, पीपीएफ आणि विम्यातलं नामनिर्देशन त्याच दिवशी बदलून टाका.

हुकूमनामा झाल्यावर त्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढा. बँक, सोसायटी, पासपोर्ट आणि शाळा, प्रत्येक ठिकाणी एकेक मागतात.